पोटच्या पोराला मारलेली शिट्टी

तीर्थरूप दिर्चेताईस,

धाकट्या एवारिस्तोचा टोपी काढून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्याकडे सगळ्यांची तब्येत ठणठणीत आहे. (तुझी भावजय ओर्नेल्ला माझ्याशी बोलत नाही, पण त्याला आजार म्हणता येणार नाही.) पो नदीवर धुकं उतरलंय, डुकराच्या मांड्या मिठातून काढून वाळत टांगल्या आहेत आणि यंदाची डुकरं गावातल्या माणसांपेक्षा गुणी निघाली.

पत्राला कारण तुझा भाचा. तिकडे समुद्रापलीकडे रोझारिओत तू त्याला टीव्हीवर बघतेस, शेजारणींना बोलावून दाखवतेस, हे मला ठाऊक आहे. मीही काही कमी नाही. फुल्विओचा फोटो छापून आला की दुकानात मांड्यांच्या शेजारी टांगतो. गिऱ्हाईक हॅम मागतं आणि त्याला आधी जपानमधल्या कार्यक्रमाची हकिगत ऐकावी लागते. अर्धा कार्यक्रम ऑपेरा, अर्धा रेडिओवरची प्रेमाची गाणी, मागे ढोल-गिटार, हातात माईक, असलं दुसऱ्या कुणाचं पोर करतं तर मी तोंड फिरवलं असतं. पण हे माझं आहे आणि त्याचा आवाज असा आहे ताई, की मैदानभर माणसं एकदम गप्प होतात. ते मी ऐकलंय, टीव्हीवर का होईना.

तर झालं असं, की त्याच्या रेकॉर्ड कंपनीने त्याच्यामागे टुमणं लावलं: ऑपेरा सोड, गाणी खपतात तीच गा. पोरगा म्हणाला, आधी मी माझ्या गावच्या थिएटरात गाणार. तिथल्या गॅलरीने शिट्ट्या मारल्या, तर ऑपेरा सोडला. हे त्याने मला फोनवर सांगितलं आणि मी हातातला सुरा खाली ठेवला. तुमच्याकडे शिट्टी कशासाठी मारतात कोण जाणे. आपल्या गॅलरीतली शिट्टी म्हणजे भर सभेत कानाखाली वाजवलेली. (मिलानहून आलेला तो गलेलठ्ठ गायक आठवतो? शिट्ट्या खाऊन जो पळाला, तो भाड्याच्या मिशांसकट.) आणि तिथे पहिली शिट्टी कुणाची, हे तुला सांगायला नको. आबांच्या माघारी ती जागा माझी. माझा कान चुकत नाही, असं सगळं गाव म्हणतं. नाकारणारा मी कोण?

कार्यक्रमाच्या दिवशी ओर्नेल्ला नवा कोट घालून खाली पहिल्या रांगेत बसली. तिने मलाही तिकडे बसायला सांगितलं होतं. मी म्हटलं, मुलगा गातोय म्हणून गॅलरी सोडली तर आबा थडग्यातून उठून येतील. वर गेलो, तर औषधवाला आदेल्मो वाटच बघत होता. म्हणाला, "काय रे, तुझ्या पोराला माईक लागतो म्हणे? आपल्या पाद्रीबाबांनाही लागतो, पण ते ऐंशीचे आहेत." सगळे हसले. मीही हसलो, पण आतून जळत होतो. ऑपेराच्या भागात तो माईकला हात लावणार नाही, हे मी त्यांना बजावून सांगितलं.

आणि खरंच नाही लावला. ताई, काय गायला! आदेल्मोने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. मला वाटलं, जिंकलं पोराने. मग आली ती अवघड जागा, जिथे गायकाला शिडीशिवाय छपरावर चढायचं असतं. फुल्विओने वरचा सूर घेतला, तो माझ्या कानाला केसभर उतरलेला लागला आणि माझी बोटं तोंडात गेली. देवाशपथ सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं. विंचू चावल्यावर माणूस ठरवून ओरडतो का? अख्ख्या गॅलरीत एकच शिट्टी वाजली, ती त्याच्या सख्ख्या बापाची.

वाद्यं थांबली. ओर्नेल्लाने खालून वर पाहिलं. त्या नजरेने हॅम नासावं. आता उरलेले सुरू होणार आणि माझ्या हाताने माझ्या पोराचा ऑपेरा संपणार, हे मला कळलं आणि मी रेलिंग घट्ट धरलं. फुल्विओने मान वर केली. शांतपणे म्हणाला, "बाबा, बरोबर आहे तुमचं. पुन्हा घेतो."

आणि घेतला की! असा घेतला, की गॅलरी उठून उभी राहिली. चूक कबूल करणारा गायक आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या भागात माईक आला, ढोल आला, तरी कुणी चकार शब्द काढला नाही. आदेल्मो तर पायाने ठेका धरून होता, आणि विचारल्यावर म्हणाला, पायाला मुंग्या आल्यात. ऑपेरा सुटणार नाही, असं पोराने कंपनीला कळवलंय. मी इतका फुशारलोय, की दुकानाचं दार मला पुरत नाही.

तुझा
एवारिस्तो

ता. क. खरं काम राहिलंच. ओर्नेल्लाच्या मते मी बाप नसून कसाई आहे. मला रोज मक्याच्या पिठाचा पोलेंटा गारढोण मिळतो. ती तुझं ऐकते. तिला चार ओळी लिही, की सूर उतरलाच होता आणि एवारिस्तोचा कान म्हणजे कान.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आत फुल्विओ आला. रेडिओवाल्यांनी कार्यक्रम टेप केला होता, तो आम्ही त्याच्या गाडीत बसून ऐकला. पुन्हा लावायला लावून ऐकला. सूर जागच्या जागी होता, ताई. मी त्याला विचारलं, मग भर सभेत चूक का कबूल केलीस? म्हणाला, "बाबा, मला दुसरं थिएटर मिळालं असतं. तुम्हाला दुसरी गॅलरी कुठे मिळाली असती?" तेव्हा ओर्नेल्लाला काही लिहू नकोस. मी गारच खाईन.