तुझं आसन माझ्या शेतात

घोलवड,
४ मे

चि. पुतळीस ताईचे अ. उ. आ.

तुझ्या पाड्यात फोन लागत नाही, आणि लागला तर तू नुसती हं हं करतेस आणि विसरतेस. म्हणून हे कागदावर. तुझा लेक मुकेश चिकूचे खोके न्यायला टेम्पो घेऊन आलाय, तो भरून होईतोवर लिहून त्याच्या हाती देते.

बातमी अशी की मी योगाला जाते. हसू नकोस. वाडीत जन्मभर जाळीची काठी वर धरून चिकू उतरवले, मान मागे टाकून फांद्या धुंडाळल्या, आणि यंदा मान अशी धरली की पाणी प्यायला पेला उचलला तरी कळ यायची. आधी डहाणूच्या एका वर्गात गेले. तिथे गाणं लावून घाम काढतात. शेजारच्या मुली भराभर उठबस करत होत्या आणि मी भिंतीला धरून उभी. मग एक नुसता श्वासाचा वर्ग बघितला. मन गार झालं, मान होती तशीच. शेवटी इथल्याच हॉलमध्ये तुषार सर शिकवतात तो सावकाशीचा धरला. उशी घ्या, पट्टा घ्या, आणि वाका. बसून वाका, उभ्याने वाका, गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला लावा. कपाळ टेकलं की मला डोळ्यांपुढे निळंनिळं दिसतं, आणि लहानपणी आईच्या मांडीवर तोंड खुपसून पडायचो तसं वाटतं. मान सुटली गं माझी.

तुझ्या कमरेचं मुकेशने सांगितलं. तू पण हेच कर. गोधडी अंथरलीस तरी पुरे. मागच्या पानावर चित्रं काढली आहेत, बाई माणसासारखी दिसत नसली तरी वाकलेली आहे एवढं कळेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सुषमाताई


डोंगरपाडा,
१ जून

ती. सुषमाताईस पुतळीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझी चित्रं मिळाली. आपण कोसबाडच्या शाळेत होतो तेव्हाही तू माणूस काढलास की बाई त्याला बेडूक म्हणायच्या, ते आठवलं.

सांगितलंस तसं रोज केलं. अंगण सारवून झालं की गोधडी टाकायची आणि कपाळ टेकायचं. परवा टेकलं ते टेकलंच, उठता येईना. शेजारची रखमी आली, तिला वाटलं माझं काही हरवलंय, तर तीही माझ्या बाजूला वाकून शोधायला लागली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं की आपण शोधतोय काय. मला हसू येईना आणि रडूही येईना. तिने काखेत धरून उभी केली.

ताई, तुला वाईट वाटेल म्हणून लिहिणार नव्हते, पण कंबर आधीपेक्षा जास्त धरलीय. मुकेशने ते बघितलं. तो म्हणतो की आता भाताची आवणी तुझ्याच्याने होणार नाही, शेत पाड्यातल्या काकड्याला वाट्याने कसायला देऊन टाकू. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. तो माझे पाय चेपत म्हणाला. काकड्या आवणीच्या आधी पक्कं करायला येणार आहे.

एकदा शेत दुसऱ्याच्या हाती गेलं की मी बांधावर बसून बघणारी म्हातारी होणार. मला त्याची भीती वाटते. दुपारी जरा डोळा लागला की पायांच्या बोटांमध्ये चिखल येतो, गार, मऊ. जागी होते तर पाय कोरडे.

भावजींना नमस्कार. थोरल्या बहिणीचा हात पाठीवर राहू दे, पाठ सध्या नाजूक आहे.
तुझीच,
पुतळी


घोलवड,
१२ जून

चि. पुतळीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. मला बरं वाटलं म्हणून मी तेच औषध तुला पाजलं. काल वर्गात सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं की बहीण दिवसभर करते काय. मी म्हटलं आवणी, शेताची भाजणी, कापणी. ते रत्नागिरीकडचे, पण आवणी कधी केलेली नाही. म्हणून मी हॉलच्या सतरंजीवर करून दाखवली. डाव्या हातात रुमालाची जुडी धरली, कमरेत वाकले आणि एकेक रोप खोचत मागे सरकत गेले, पार दारापर्यंत. बायका हसल्या.

पुतळे, मला उठावंसंच वाटेना. मान खाली लोंबत होती, हलकी, झाडावरच्या फळासारखी. आणि तिथे वाकल्या वाकल्याच मला कळलं, की तू तर जन्मभर हेच आसन करत आलीस आणि मी मूर्ख तुला पुन्हा वाकायला सांगितलं. सरांनाही ते पटलं. ते म्हणाले की कोणता योग हे अंगाला विचारायचं असतं, दिवसभर त्याने काय केलं त्याच्या उलट द्यायचं. तू वर बघ, हात वर कर, छाती उघड, पण अगदी हळू, आणि आधी डॉक्टरला दाखव.

तर माझं म्हणणं ऐक. मुकेशच्या टेम्पोतून तू इकडे ये. मी तिकडे जाते. लग्न होईस्तोवर माहेरचं तेच शेत मी लावलंय, हात विसरलेले नाहीत. काकड्याला सांग की थांब. तुझे भावजी आणि माझी सूनबाई तुझी वाट बघतायत, आणि सूनबाई तुझ्या हातच्या भाकरीची.

नाही म्हणालीस तर मी थोरली आहे हे लक्षात ठेव.
सुषमाताई


घोलवड,
९ जुलै

ती. ताईस पुतळीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या घरात तुझ्याच पाटावर बसून तुला पत्र लिहिते, गंमतच आहे. डॉक्टरांनी चित्र काढून बघितलं, हाड शाबूत आहे म्हणाले.

सकाळी वर्ग, मग तुझी वाडी. या दिवसांत फळ थोडंच, म्हणून भावजी मला खालच्या फांद्या देतात. काठी वर नेली की पोटापासून काहीतरी उलगडत जातं. पहिल्या दिवशी दुखलं, मग नाही. चिकूची झाडं एवढी दाट की उजेड गाळूनच खाली येतो. मी फळ शोधता शोधता विसरते आणि नुसती बघत उभी राहते. भावजी लांबून खोकतात. एवढं वर मी कधी बघितलं नव्हतं, ताई. तू रोज हे बघत होतीस आणि कधी बोलली नाहीस.

शेताचं कळव. रात्री उताणी झोपते आता, पण शेताचं कळव. सगळ्यांना माझी आठवण सांग, मुकेशला थोडी जास्त.
पुतळी


डोंगरपाडा,
१८ जुलै

चि. पुतळीस अ. उ. आ.

आवणी काल संपली. माझ्या ओळी वाकड्या आहेत, रखमी म्हणाली की भात उगवलं की कोणाला दिसतं. मान सुटी आहे. संध्याकाळी मात्र गुडघे बोलतात, त्यांच्यासाठी सरांना वेगळं विचारावं लागेल.

काकड्या आला होता. मुकेश बांधावर उभा राहून त्याच्याशी बोलला. मग त्याने चपला काढल्या, पॅन्ट दुमडली आणि चिखलात उतरून माझ्या शेजारची ओळ धरली. त्याच्या ओळी माझ्याहून वाकड्या. काकड्या थोडा वेळ थांबला आणि गेला. शेत तुझंच आहे, कापणीला ये. पण विळा मी धरणार, तू भारे वर उचलून द्यायचे.

एक सांगायचं राहिलं. तू वर बघतेस ते सगळं इथे खाली आहे गं. भरलेल्या खाचरात आख्खं आभाळ पडलेलं असतं. आपण त्यात रोप खोचत मागे सरकायचं, आणि आपल्यापुढे ते हिरवं होत जातं. तू एवढी वर्षं हे बघत होतीस आणि तूही कधी बोलली नाहीस.

आता बोलत जा.
तुझ्या घरून, तुझी
सुषमाताई