काठोकाठ भरलेली वाटी

नारीन, गुरुवार

चि. कालमुरात,

तुला आणि बिश्केकमधल्या तुझ्या औषधाच्या दुकानाला थोरल्या भावाचे आशीर्वाद. (दुकानाला जरा कमी.) तुझी प्रकृती उत्तमच असेल. पोट तर रोज सकाळी वेळेवर साफ होत असेल. दुसऱ्यांची पोटं बिघडवणाऱ्यांची होतातच.

ताजी बातमी अशी की आपले होणारे व्याही तुर्दुकुल काल भर बैठकीतून टोपी चढवून उठून गेले आणि आता माझ्या लेकीचं, आपल्या उमुतचं लग्न मोडलं. बातमी पक्की आहे. शेजारच्या बुरुलवहिनींनी ती मला सांगितली, तेव्हा मी स्वतः अजून व्याह्यांच्या घोड्याचा लगाम धरून विनवण्या करत होतो.

हे सगळं तुझ्या इसबगोलामुळे! हिवाळाभर मटण, रोटी आणि चुलीजवळची बैठक, यानं माझं पोट जरा आळसावलं होतं, कबूल. ते मी तुला एकट्याला कळवलं, आणि तू डबा पाठवलास तो माझ्या सुनेच्या नावे! वर लिहिलेलं, 'भरपूर पाण्यातून घ्या.' आता मटणावर गार पाणी आपल्यात कोण पितं? जिपारानं ते चहातून दिलं. शहरात राहून तू विसरला असशील, पण चांगली सून वडीलधाऱ्यांच्या वाटीत तळाला दोनच घोट ओतते. वाटी काठोकाठ भरली की अर्थ एकच, प्या आणि निघा. जिपारा तर फारच गुणी. त्या दोन घोटांत तुझी भुकटी अशी फुगली की पोटात गिलावा होऊन बसली.

शेवटी दवाखान्यातल्या बाईंकडे गेलो. "आजोबा, पाणी किती पिता?" म्हटलं, "मी काय बैल आहे?" तर त्या जिपारावरच खेकसल्या, "सासऱ्याला मारायचंय का गं? वाटी काठोकाठ भर, जर्दाळू भिजवून दे, भाजी खायला घाल आणि चुलीपासून उठवून चालायला लाव!" भाजी! (गवत मेंढीनं खायचं आणि मेंढी आपण, ही वाटणी वाडवडिलांनी विचार करूनच केली असेल ना?)

काल व्याही तारीख ठरवायला आले. जिपारानं बाईंच्या हुकमाप्रमाणे माझी वाटी काठोकाठ भरली. पण वाटी जाते हातोहात, आधी वरच्या मानाच्या जागेकडे, आणि तिथं बसलेले व्याही! ती त्यांच्याच हातात पोचली. त्यांनी ती न पिता खाली ठेवली. मग म्हणाले, "समजलं, सुयुनबाय. तोंडानं सांगितलं असतंत तरी चाललं असतं." वाटी माझी आहे, माझं पोट अडलंय, असं होणाऱ्या व्याह्यांना सांगू? नुसता लगाम धरायला मागोमाग धावलो. उमुत रडते आहे, माझ्याशी बोलत नाही. तुझ्या डब्याला मी लाथ घातली, अंगठा सुजला.

तुझा (नाइलाजानं) थोरला भाऊ,
सुयुनबाय

ता. क. : पहिल्या गाडीनं ये आणि व्याह्यांची समजूत काढ. कशी, ते तुझं तू बघ. माझ्या पोटाचं नाव निघता कामा नये.

ता. क. दुसरा : उमुत आत्ताच त्यांच्या घरून आली. माझ्याच लेकीनं सगळं सांगून टाकलं, पोटासकट! व्याही अजिबात हसले नाहीत म्हणे. बायकोला बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, ती भुकटी मिळते कुठे? शनिवारी ते तारीख ठरवायला परत येत आहेत. तू येताना दोन डबे आण. वाटेत कोणी विचारलं, तर घोड्यांसाठी आहेत म्हण.