शेवाळाचं लंघन

३ मार्च

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र नाही म्हणून रागावला असाल. इथे माझं शेवाळ आजारी पडलंय. मैल्याच्या बंद टाकीतला गॅस आम्ही शेवाळाच्या हिरव्या पाण्याच्या टाकीतून सोडतो. त्यातला न जळणारा वायू शेवाळ खातं आणि प्राणवायू देतं. त्यावर जगणारे जीवाणू सांडपाण्यातली घाण आणि गॅसमधली सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी संपवतात. उरलेला चांगला गॅस शेजारच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जातो. शेवाळ-जीवाणूंचा हा संसार दोन वर्षं सुरळीत चालला होता. मागच्या आठवड्यात पाणी तपकिरी झालं, गॅस बंद करावा लागला. साहेब म्हणतात, महिनाअखेरीपर्यंत हिरवं झालं नाही तर टाकी उपसा. माझी तर मती खुंटलीय. तीस वर्षं तुम्ही मैल्याच्या टाक्या साफ केल्यात, काही सुचतं का?

आहे तशी माया राहू द्या.
तुमची ठकी

७ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

मला शेवाळातलं ओ की ठो कळत नाही. पण पाण्यात कोपरापर्यंत हात घातल्यावर पंजा दिसतो का बघ. दिसत नसेल तर खाली ऊन कुठून पोचणार? पोट बिघडलं की लंघन करावं. चार दिवस मैलापाणी घालू नकोस, साधं पाणी घाल.

आणि बंद टाकीपाशी एकटी वाकू नकोस. वास अचानक गेला तर गॅस गेला असं समजू नकोस, नाकच मेलेलं असतं. तुझ्या काकाला मीच म्हणालो होतो, वास गेला, उतर. तो वर आला नाही. तुझ्या काकूला वाटतं, तो आपल्या मनानं उतरला. बावीस वर्षं मी तिला तसंच वाटू दिलं. आता हे ओझं झेपत नाही.

जपून राहा.
बाबा

१९ मार्च

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पंजा दिसत नव्हता. लंघन घातलं. सहाव्या दिवशी कडेला हिरवी साय धरली, काल सगळी टाकी हिरवी झाली. साहेब नुसते हं म्हणाले. आज इस्पितळाचा गॅस सुरू झाला.

दुसऱ्या गोष्टीवर काय लिहू? तुमच्यावर राग आला, मग रडू आलं. काकूला मी सांगणार नाही, ते तुमचं काम. महिनाअखेरीच्या रविवारी रजा काढते, आपण दोघं जाऊ.

तुमचीच,
ठकी

२४ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

तुझी वाट पाहिली असती तर पुन्हा कच खाल्ली असती, म्हणून या शनिवारीच एकटा काकूकडे गेलो. सगळं सांगितलं. ती कितीतरी वेळ चादरीची घडी घालत राहिली. मग एवढंच विचारलं, उतरताना भ्यायले होते का? मी म्हणालो, नाही, तुझ्याच हातच्या डब्याबद्दल बोलत होता. ती म्हणाली, आज जा भावजी, आज मला तुमचं तोंड बघवत नाही. दारापर्यंत आली, आणि म्हणाली, पुढच्या शनिवारी या.

थकलोय. पण जाणार आहे.

बाबा