पहिल्या बाराचा मान

बाबा, तुमच्या पंचायतीने काल दुखवट्याचा ठराव एकमताने मंजूर केला. आपल्या गावात एकमत व्हायला आधी एक मडं पडावं लागतं.

तुम्ही सरपंच असताना शिमग्याला पालखीपुढे पहिला बार कुणी काढायचा यावरून दोन घरांत जुंपली आणि एकाच्या मांडीत छर्रे घुसले. तुम्ही सभेत म्हणालात, ठासणीच्या बंदुका माकडं-डुकरं हाकायला दिल्यात, शिमग्यापुरत्या पंचायतीच्या खोलीत कुलपात ठेवू. "तुमी दिवाबत्ती बघा, सरपंचानू," मानकरी म्हणाला. "बार हो देवाचो मान. कौल लावया." देवाच्या अंगावरचं उजवं फूल पडलं, म्हणजे देवाचा होकार मानकऱ्याला, आणि बंदुका दाराआडच्या खुंटीवरच राहिल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पेजेला हात न लावता बसला आहात. "देवाक कित्याक इचारतत? परवान्यार देवाची सही आसा?" मला हसू फुटतं, तशी माझ्यावर डाफरता, "हसतंस काय गो? उद्यां कोण मेलो तर?"

यंदा मेला, बाबा. तीच दोन घरं, तोच मान; एका घरातला थोरला गेला. मारणाऱ्याला पोलिसांनी नेलं.

पंचायतीत मी बायकांच्या राखीव खुर्चीवर आहे, म्हणजे चहा किती जणांचा एवढं मला विचारतात. काल तुमचीच मागणी मांडली. सरपंच एकदम शुद्ध मराठीत शिरले, "परवाने रत्नागिरीहून मिळतात. विषय आपल्या कक्षेत येत नाही." मोकाट म्हैस कक्षेत येते, तिला आपण कोंडवाड्यात घालतो. भरलेली बंदूक मात्र गावभर मोकाट!

तेवढ्यात मेलेल्याची बायको आली. गोधडीत गुंडाळलेली घरातली बंदूक तिने टेबलावर ठेवली. "दीर ही मागता. माका दुसरां मडां नको. तुमी ठेवा."

"गो बाय, ठेवची सोय खंय आसा?" सरपंचांचं शुद्ध मराठी संपलं होतं.

कुणी हात लावेना. मी उचलली, खोलीत ठेवली, कुलूप घातलं. परवान्याशिवाय बाळगली म्हणून खटला होईल म्हणतात. होऊ दे! उद्या मीच ती पोलीसठाण्यात नेणार आहे.

तुम्ही गेलात तिकडे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून खरं लिहिते. सभेत मी पुष्कळ बोलले, पण ती बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे गोधडी सोडून पाहायचा धीर मला अजून झालेला नाही.