बंद ठेवलेला फ्रिज

मी, नागोराव भिकाजी वाघमारे, वय ७४, निवृत्त स्टोअरकीपर, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दबाव कुणाचाही नाही. असता तर दोन वर्षांपूर्वीच लिहिले असते.

१. राहता फ्लॅट माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीचा आहे. माझ्या पश्चात तो सून प्रियदर्शनी हिला एकटीला मिळावा. मुलगा समाधान व मुलगी सोनाली यांनी हरकत घेण्यापूर्वी कलम ३ वाचावे.

२. वीज मोजण्याचे यंत्र, टेस्टर आणि घरभर चिकटवलेल्या माझ्या पाट्या ("टीव्ही रिमोटने नव्हे, बटणाने बंद करावा", "गिझर दहा मिनिटे. घड्याळ भिंतीवर आहे.") रद्दीवाल्याला द्याव्यात. सोसायटीत सर्वांत कमी युनिट वापरल्याबद्दल मिळालेली शालही द्यावी. ती पांघरायची माझी लायकी नाही.

३. पत्नी विमल हिला मधुमेह होता. तिला नीट दिसत नसे, म्हणून प्रियदर्शनी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर तिला इन्सुलिन टोचत असे. इन्सुलिन फ्रिजमध्ये असे. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमचा जुना फ्रिज किती वीज खातो हे मी यंत्र लावून मोजले आणि माझे डोके फिरले. सगळे कामावर गेले की मी फ्रिज बंद करी, ते परतण्याआधी चालू करी. अख्खा एप्रिल आणि मे. दूध नासू नये म्हणून पातेले गार पाण्यात ठेवत होतो. दुधाचे सुचले, औषधाचे सुचले नाही.

विमलची साखर उतरेना. शेवटच्या आठवड्यात डॉ. चैतालींनी विचारले, "इन्सुलिन थंड राहतं ना, काका?" तेव्हा मला फ्रिजचे बटण आठवले. मी म्हणालो, "हो, फ्रिजमध्येच असतं."

विमल गेली. पुण्यानुमोदनाला सोनाली सर्वांदेखत म्हणाली, "वहिनी, आईला इंजेक्शन देत होतीस की नुसतं हो हो म्हणत होतीस?"

प्रियदर्शनी माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही तर घरीच असायचात. सांगा ना यांना, मी एकदा तरी चुकवलं का?"

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

माझे पूर्ण लक्ष होते. तिने एकदाही चुकवले नाही. विमलला मी मारले.

समाधानने तिला माहेरी धाडले. घटस्फोटाची अखेरची तारीख १९ जून आहे.

४. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, पण तोवर ती तारीख थांबणार नाही. समाधानला सांगायला मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा क्रिकेटचे बोलून उठलो. सबब साक्षीदारांनी हा कागद आजच प्रियदर्शनीला नेऊन द्यावा व नक्कल समाधानच्या हाती ठेवावी.

पोरी, मी हात जोडतो. माफी मागायला तोंड नाही. मेलेल्या माणसाला लोक सोडून देतात, तसे मला सुटायचे नाही. मी जिवंत आहे तोवर ये, आणि त्या दिवशी गिळलेस ते सगळे माझ्या तोंडावर बोल.

स्थळ : विश्रांतवाडी, पुणे
दिनांक : १४ जून २०२५
सही : ना. भि. वाघमारे

नागोरावांनी आमच्यासमोर सही केली :
१. हिंदुराव महिपती जगदाळे, शेजारी
२. डॉ. चैताली शिंगाडे. सर्व वाचून सही केली. कागद मी स्वतः घेऊन निघाले आहे.