भिंगरीचा गुडघा आणि माझा गुडघा

तीर्थरूप ताईस, धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा खोकला कमी झाला असेल, तिथली नोकरी जमली असेल आणि हे पत्र तू जेवण झाल्यावर वाचत असशील, अशी आशा आहे. (नसशील तर आधी जेवून घे.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. भिंगरीला मंगळवारी सांध्यांच्या तपासणीला न्यायचं काम तू माझ्यावर सोपवलं होतंस. ते पार पडलं. कसं, ते सविस्तर लिहितो.

आधी एमआरआय होता. भिंगरी म्हणाली, मामा, तूही आत बस, ते मशीन फार ठणाणा करतं. मी म्हटलं, बसतो, त्यात काय! पण आत मोठं चुंबक असतं, त्यामुळे अंगावर धातू चालत नाही, आणि मी पडलो शिंपी. माझ्या कॉलरमधून अकरा टाचण्या निघाल्या, बाहीतून सहा, खिशातून बोटात घालायचं अंगुस्तान, दोन हुक आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटची हरवलेली चेन. (चेन मीच हरवली असं तो म्हणाला, म्हणून मी त्याच्याशी भांडलो होतो.) तिथल्या तंत्रज्ञबाई हातातली दांडी माझ्या अंगावरून फिरवत होत्या आणि दांडी कुईकुई करत होती. शेवटी माझे सगळे कपडे कपाटात बंद करून मला दवाखान्याचा झगा दिला. ताई, असलं शिवण मी जन्मात पाहिलं नाही. मागे बंद तीन, त्यातले जुळणारे दोन. तो घातला तरी दांडी कुईकुई! मग आठवलं, अंगठ्यात ऐन विशीत मोडलेलं सुईचं टोक अजून आहे. तंत्रज्ञबाईंनी हात जोडले आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं. तुझी लेक एकटी आत गेली. जाताना मलाच म्हणाली, घाबरू नकोस.

कपाटाची किल्ली आत बाईंकडे. मी झग्यात, पाठ भिंतीला घट्ट लावून, मांडीवर भिंगरीची फाईल. तेवढ्यात दुसरी नर्स आली. तिने फाईल पाहिली, झगा पाहिला आणि विचारलं, गुडघाच ना? माझा उजवा गुडघा खरोखरच दुखतो, तेव्हा मी हो म्हटलं. (खोटं कशाला बोलू?) तिने मला सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन झोपवलं. डॉक्टरांचे डोळे पडद्यावर. गुडघ्याला गारगार चिकट काहीतरी फासून त्यांनी यंत्र फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. मग हळूच म्हणाले, "चौदा?" मला वाटलं, माझा नंबर. मी म्हटलं, चौदा. त्यांनी आणखी चार शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. सगळे पडद्याभोवती जमले. एवढ्या कोवळ्या वयात अशी झीज, असं एकजण पुटपुटला. एकीने तर डोळे टिपले. माझं इतकं कौतुक लग्नातसुद्धा झालं नव्हतं, म्हणून मी निवांत पडून राहिलो.

मग दार उघडून भिंगरी आली आणि म्हणाली, "डॉक्टर, तो माझा मामा आहे." दिवा लागला. (चौदा म्हणजे भिंगरीचं वय, हे मला तेव्हा उमगलं.) माझ्या मिशा पाहून शिकाऊ मंडळी पांगली.

आता मुद्द्याचं. त्यानंतर तिचे गुडघे पाहिले. उजवा स्वच्छ. डाव्यात पडद्यावर लाल ठिपके लुकलुकत होते. म्हणजे आत अजून सूज आहे. एमआरआयमध्येही तेच दिसलं. दुखणं थांबलं म्हणून सूज गेली असं नसतं, म्हणूनच हे फोटो काढायचे, असं डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. दर शनिवारचं इंजेक्शन या वेळी बंद होईल अशी आस लावून बसली होती ग पोर. ते आणखी सहा महिने चालणार. ती बाहेर जिन्यावर बसली आणि म्हणाली, "मामा, मला खरंच दुखत नव्हतं. मग मी खोटं बोलले का?"

मी म्हटलं, अगं, कोटाचं अस्तर आतून उसवलेलं असतं, घालणाऱ्याला काय पत्ता! तो का खोटारडा असतो? कोट उलटा करून पाहिला की दिसतं. दिसलं की टाका घालता येतो. ती डोळे पुसून म्हणाली, "तू आधी तुझा झगा मागून बंद कर."

असो. तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. दवाखान्याने भिंगरीच्या नावाने एक रिपोर्ट तुझ्या पत्त्यावर धाडला आहे. त्यात 'कूर्चा जवळपास संपली, गुडघा बदलण्याचा विचार करावा' असं लिहिलंय. घाबरून गाडीत बसू नकोस. तो गुडघा माझा आहे.

आणखी ता. क. आई, मी भिंगरी. मामा पत्र टपालात टाकायला माझ्याकडे देऊन गेला. तो गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायला तयार नाही. म्हणतो, पाच डॉक्टरांनी पाहिलाय, पुरे झालं. तू त्याला रागावून पत्र लिही, माझं तो ऐकत नाही. इंजेक्शन मी घेते, काळजी करू नकोस. आणि सहा महिन्यांनी तपासणीला मी त्याच्यासोबत जाणार नाहीये. त्याच दिवशीची त्याच्या गुडघ्याच्या तपासणीची तारीखही मी घेतली आहे, तोच माझ्यासोबत येणार आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.