आरण ग्रह कुणाच्या नावे

मी, श्रीमती मधुमती दिलीप केळुसकर, वय ७६, राज्यशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार बापूनगर, जयपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. प्रकृती ठणठणीत आहे, घाई कसलीच नाही. यापूर्वी काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावं.

१. फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक मुलगा निनाद याला. गच्चीवरच्या कढीपत्त्याला पाणी घालणं त्यात आलं. बगरू छापाच्या चादरी सून अपूर्वा हिला. तिने त्या आधीच वापरायला काढल्या आहेत.

२. 'आरण' या माझ्या कादंबरीचे सर्व हक्क नात अवनी हिला. आरण हा मी कल्पिलेला ग्रह. परके राज्यकर्ते निघून गेल्यावर तिथे स्वतःचं सरकार कसं उभं राहतं, त्याची ही गोष्ट. परक्यांच्या काळात मठांनी मुलं लपवली, धान्य वाटलं. मग नव्या मंत्रिमंडळात मठाला जागा द्यावी का, यावरून माझं आणि यजमानांचं वाजलं. दिलीप विमा अधिकारी, माणूस श्रद्धाळू.

"ज्यांनी लेकरं वाचवली, त्यांना सत्तेत वाटा नको?"

"उपकार मानावेत. पण महंत मंत्री झाला, तर त्याला जाब कोण विचारणार?"

कित्येक दिवस आम्ही मीठ मागण्यापुरतं बोललो. शेवटी मी मठप्रमुख वेणालाच मंत्रिपद नाकारायला लावलं. दिलीप तेव्हा इस्पितळात होते. प्रकरण वाचून दाखवलं, तर म्हणाले, "बरोबर केलंस. पण म्हातारीला एकटी नको टाकूस. कुणीतरी भेटायला जाऊ दे तिला."

मग मी नव्या अध्यक्षाला मठात पाठवलं. तो पंगतीत जेवला, भांडी घासली. शपथ मात्र सभागृहात घेतली. ते ऐकून दिलीप पोटभर हसले. आमचं ते शेवटचं भांडण, आणि ते मिटलं.

३. "वेणाला ढोंगी दाखवा, खप वाढेल" म्हणणाऱ्या प्रकाशकांना पुढची आवृत्ती देऊ नये. तिला राणी करायला निघालेल्या मालिकावाल्यांनाही नाही. राग नाही, पण नाहीच.

४. अवनी जयपूरला वाढली, मराठी अडखळत वाचते. तरी हक्क तिलाच का, असं निनादने विचारलं होतं. पुस्तक संपवून ती मला म्हणाली, "आजी, मतलब, जे परके परत गेलेच नाहीत, त्यांची मुलं कुठे राहतात? मठात की सरकारकडे?"

जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं, पण हे माझ्या मनातही आलं नव्हतं. दुसरा भाग तिने लिहावा, हिंदीत लिहिला तरी चालेल. अट एकच: त्या मुलांना घर मिळावं, आणि देताना त्यांचा देव कोणता, हे कुणी विचारू नये.

वरील मजकूर स्वतः लिहून, पुन्हा वाचून, समाधानाने सही करते.

मधुमती दिलीप केळुसकर

साक्षीदार:
१. डॉ. प्रबुद्ध साठ्ये, सी-स्कीम
२. रणजीतसिंह राठौड़, शेजारी (मजकूर हिंदीतून समजावून सांगितला)

जयपूर, ९ फेब्रुवारी २०२५